दोन भुंगे

हळदीचा व्यापार करणाऱ्या आमच्या घरात नाकाला मोठा मान होता. सांगलीच्या बाजारात माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबूजींनी, चाळीस वर्षे काढली. पोत्यातून एक हळकुंड उचलायचे, कानाजवळ धरून मोडायचे, आतला रंग उजेडात पाहायचा आणि शेवटी ते नाकाशी न्यायचे. एवढ्या चार हालचालींत मालाची परीक्षा होई. हळदीला पिवळेपण देणारे करक्युमिन डोळ्यांना दिसते. तिचा उग्र, मातकट सुवास मात्र तिच्यातील उडून जाणाऱ्या तेलाचा असतो. माल जुना झाला किंवा त्याला ओल लागली, की त्या वासात फरक पडतो. "डोळा फसेल, पण नाकाला विचारल्याशिवाय सौदा करू नका," असे ते मुनीमजींना सांगत.

2021 च्या उन्हाळ्यात साथीच्या तापाने आमच्या घरातील प्रत्येकाला गाठले. बाबूजींचा ताप आठवड्यात उतरला, रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही. फक्त त्यांचा वास गेला. त्या दिवसांत आजूबाजूच्या घरांवर जे प्रसंग कोसळत होते ते पाहता आम्ही सर्वांनी हात जोडले आणि म्हटले, "एवढ्यावर निभावले." डोळे शाबूत, कान शाबूत, हातपाय शाबूत, वासाचे ते काय?

पहिले काही दिवस बाबूजीही हसत असत. "माझा रसत्याग आता आपोआप घडतो आहे," असे ते म्हणत. पण हळूहळू ते हसणे विरत गेले. नवकारशीनंतरचा चहा त्यांना गरम पाण्यासारखा लागू लागला. खिचडी आणि कढी यांत त्यांना फक्त घट्ट आणि पातळ एवढाच भेद उरला. पेढीवर ते जात, पण हळकुंड हातात घेऊन पुन्हा पोत्यात टाकत आणि निर्णय मुनीमजींवर सोपवत. ताटावर ते मुकाट्याने बसत आणि अर्ध्यावर उठत. ज्या माणसाने आयुष्यात कधी आवाज चढवला नव्हता, तो नातवंडांवर क्षुल्लक कारणावरून चिडू लागला.

आणि एका दुपारी मी स्वयंपाकघरात आले, तेव्हा शेगडीची कळ उघडीच राहिलेली होती आणि बाबूजी तिच्यापासून दोन हातांवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. स्वयंपाकाच्या वायूला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेले असते. मला ती दुर्गंधी दारातच जाणवली, त्यांना जवळ बसूनही जाणवली नव्हती. खिडक्या उघडल्या, कळ बंद केली, अनर्थ टळला. पण "वासाचे ते काय?" हे वाक्य त्या दिवसानंतर आमच्या घरात कोणी उच्चारले नाही.

तिसरे इंद्रिय

आपल्या तत्त्वज्ञानात इंद्रियांचा क्रम ठरलेला आहे: स्पर्शन, रसन, घ्राण, चक्षु आणि श्रोत्र. जीवांची गणनाही त्याच शिडीने होते. मुंगी त्रींद्रिय आहे. तिच्यापाशी स्पर्श, चव आणि गंध एवढेच. चक्षुरिंद्रिय पुढच्या पायरीवर, चतुरिंद्रिय जीवांना मिळते. म्हणजे ज्या गंधाला आपण सर्वांत शेवटी मोजतो, त्याला शास्त्राने डोळ्याच्या आधी मोजले आहे. परिपूर्ण पंचेंद्रिये लाभणे हे पुण्याचे फळ आहे, हे आपण व्याख्यानात वर्षानुवर्षे ऐकतो. त्याचा अर्थ मला त्या वर्षी उमगला.

आधुनिक विज्ञानाने या इंद्रियाची रचना अलीकडेच उलगडली. नाकाच्या वरच्या भागातील नाजूक अस्तरात गंध ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांची माहिती वाहणाऱ्या जनुकांचा मोठा समूह रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि लिंडा बक यांनी 1991 मध्ये शोधला आणि त्यासाठी 2004 चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. माणसात असे सुमारे 400 प्रकारचे ग्राहक आहेत आणि त्यांच्या वेगवेगळ्या जुळण्यांतून आपण असंख्य वास ओळखतो. डोळा, कान आणि त्वचा यांचे संदेश मेंदूतील एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जातात. गंधाचा संदेश मात्र त्या ठाण्यावर न थांबता भावना आणि स्मृती जेथे जागतात त्या भागांपर्यंत जाऊन पोहोचतो. म्हणूनच उन्हात वाळलेल्या सुती कपड्यांचा, नव्या वहीचा किंवा वळवाच्या पहिल्या सरीने भिजलेल्या मातीचा वास आला, की कारण कळण्याच्या आधीच मन हलके होते.

आपण ज्याला चव म्हणतो तिचाही मोठा भाग प्रत्यक्षात गंधच असतो. बडीशेपेचे चार दाणे नाक बंद करून चावून पाहावेत. जिभेवर फक्त पुसट गोडी जाणवते. नाक सोडताच बडीशेप 'येते', कारण तिचा सुवास घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतो. बाबूजींची जीभ ठीक होती. गोड, आंबट, खारट त्यांना कळत होते. पण जिरे, हिंग, तूप, केशर ही सारी मंडळी त्यांच्या घरातून एकाच रात्री निघून गेली होती.

हा त्याग की हानी?

त्या चातुर्मासात आमच्या उपाश्रयात साध्वीजी विराजमान होत्या. बाबूजींनी एकदा वंदन करून मनातील शंका विचारली. "महाराजसाहेब, रसपरित्याग हे तर बाह्य तपांपैकी एक तप. माझे रस आपोआप सुटले. मग मला शांती का मिळत नाही? उलट मन जास्तच जळते. माझी आसक्ती एवढी खोल होती का?"

साध्वीजींचे उत्तर मला शब्दशः आठवत नाही, आशय मात्र पक्का लक्षात आहे. जे हाताशी आहे ते समजून-उमजून सोडणे हा त्याग. जे हिरावले गेले त्याला त्याग म्हणता येत नाही, ती हानी आहे. हानीचे दुःख होणे हा दोष नव्हे. इंद्रिय हे शत्रू नाही, इंद्रियाची गुलामी ही शत्रू आहे. त्यांनी आठवण करून दिली, की अन्नाचा रस, वास किंवा रंग बिघडला की ते 'चलितरस' होते आणि अभक्ष्य ठरते, असे आपला आहारधर्म सांगतो. पीठ जुने झाले का, मिठाईला वास सुटला का, हे ज्या नाकाने ओळखायचे ते नाक जीवदयेचे पहारेकरी नव्हे काय? जागा पहारेकरी हवा, आणि तो मालकही होता कामा नये.

मग त्यांनी दोन भुंग्यांची आठवण करून दिली. पहिला भुंगा आपण सर्वांना ठाऊक आहे. इंद्रियांच्या मोहाचे दृष्टांत देताना स्पर्शासाठी हत्ती, रसासाठी मासा, रूपासाठी पतंग, नादासाठी हरिण आणि गंधासाठी भुंगा सांगितला जातो. कमळाच्या सुवासात रमलेला तो भुंगा सूर्यास्त झाला तरी उठत नाही. पाकळ्या मिटतात आणि तो आतच बंदिस्त होतो. लाकूड कोरणारा हा जीव, पण कोवळी पाकळी भेदून बाहेर पडण्याची इच्छाच त्याला उरत नाही.

दुसरा भुंगा दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनातील आहे. आचार्य शय्यंभवसूरींनी आपल्या बालमुनी पुत्रासाठी, मनकासाठी, हे सूत्र रचले अशी परंपरा आहे. 'द्रुमपुष्पिका' नावाच्या त्या अध्ययनात साधूच्या भिक्षेला भुंग्याची उपमा आहे. हा भुंगा फुलाफुलावर जातो, थोडा थोडा रस घेतो, स्वतः तृप्त होतो आणि फुलाला इजा होऊ देत नाही.

जीव एकच, फूलही एकच. एक बंदिस्त झाला, दुसरा आदर्श ठरला. फरक रसात नव्हता, तो मात्रेत होता, आणि वेळेवर उठण्यात होता.

गंधाचा रोजमेळ

आपण व्यापारी माणसे. मात्रा म्हटले की आपल्याला हिशेब आठवतो, आणि धर्मानेही श्रावकाला हिशेबच दिला आहे. श्रावकाच्या बारा व्रतांतील सातवे व्रत 'भोगोपभोग परिमाण' आहे. त्याच्या नावातच 'परिमाण' आहे. भोग शून्य करा असे ते गृहस्थाला सांगत नाही. मोजा असे सांगते. रोजचे चौदा नियम हा त्याच व्रताचा दैनंदिन रोजमेळ. सकाळी नियम धारायचे, संध्याकाळी ताळा घ्यायचा. त्या चौदा कलमांत द्रव्य आहे, विगई आहे, तांबूल आहे. आणि कुसुम व विलेपन हीसुद्धा आहेत. म्हणजे दिवसभरात किती पदार्थ जिभेवर जातील याबरोबरच किती सुवास घेतला जाईल, अंगाला किती चंदन लागेल, हेही आपल्या पूर्वजांनी मोजण्याजोगे मानले. जे कवडीमोलाचे असते त्याची कोणी नोंद ठेवत नाही.

माझ्या सासूबाई गेली कित्येक वर्षे चौदा नियम धारतात. बहुतेक दिवशी त्यांची दहा द्रव्ये असतात. पूर्वी मला वाटे, यांना खाण्याची गोडीच नसावी. नीट पाहू लागल्यावर कळले, की घरात खऱ्या अर्थाने जेवतात त्या एकट्याच. मुगाच्या डाळीत तूप सोडले की त्या क्षणभर थांबतात. गरम फुलक्याची वाफ चेहऱ्यावर घेतात. दहावे द्रव्य कोणते ठेवायचे याचा विचार त्या सकाळीच करतात: कधी जिरे भाजून घातलेले ताक, कधी सुंठ-गूळ-तुपाची बोराएवढी गोळी. आल्याचा कंद आपल्याला वर्ज्य, पण तेच आले वाळून सुंठ झाले की चालते. ती चिमूटभर सुंठ त्यांच्या दिवसाचा उत्सव असते. आणि ज्या मला कशाचीच मोजदाद नव्हती, ती मी हातात मोबाईल धरून जेवत असे. मधेच कोणी विचारले असते, "आज भाजी कोणती होती?" तर मला ताटाकडे पाहावे लागले असते.

यामागे शरीराचा एक साधा नियम आहे. सतत मिळणाऱ्या गंधाची नोंद घेणे नाक काही मिनिटांतच सोडून देते. किराणा दुकानात बसणाऱ्याला दुकानाचा वास येत नाही. पायरी चढणाऱ्या गिऱ्हाइकाला तो पहिल्या श्वासात जाणवतो. जिभेचेही तसेच. काही आठवडे मीठ कमी खाल्ले, की पूर्वीचीच भाजी खारट लागू लागते. सुखाला खंड लागतो. चैत्र आणि आश्विनातील आयंबिलाच्या ओळीत नऊ दिवस दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले यांच्याविना, एका बैठकीत अलूणे-रुक्ष अन्न घेणाऱ्या तपस्व्याला पारण्याच्या दिवशी विचारा: गुळाचा खडा म्हणजे काय? तप करण्याचा हेतू अर्थातच कर्मनिर्जरेचा आहे, चव वाढवण्याचा नाही. पण जाता जाता तप इंद्रियांना धुऊन काढते, हेही खरे.

देरासरात मला आणखी एक गोष्ट दिसली. अष्टप्रकारी पूजेत दुसरी पूजा चंदनाची आणि चौथी धुपाची. सहाणेवर चंदन उगाळताना, त्यात केशर मिसळताना सुवास दरवळतो. परंतु पूजा करणाऱ्याने मुखकोश बांधलेला असतो, आपला श्वास भगवंतांच्या प्रतिमेवर पडू नये म्हणून. सुगंध तयार करायचा, तो प्रथम अर्पण करायचा, आणि जो सहज आपल्यापर्यंत येईल तेवढ्यावर समाधान मानायचे. दुसऱ्या भुंग्याचाच हा धडा आहे.

चार डब्या

आमच्या वैद्यकीय सल्लागारांनी बाबूजींना औषधापेक्षा अभ्यास सांगितला. गंधपेशी आयुष्यभर नव्याने तयार होत राहतात, त्यांना सराव दिला तर काहींचा वास परततो. जर्मनीतील थॉमस हुमेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेली ही पद्धत अगदी सोपी आहे: गुलाब, नीलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास, सकाळ-संध्याकाळ, निदान बारा आठवडे, लक्ष देऊन घ्यायचे.

सासूबाईंनी चार लहान डब्या मांडल्या. लवंग आमच्याच पेढीतील, नीलगिरीचे तेल औषधाच्या दुकानातील, डाळीत पिळलेल्या लिंबाची साल, आणि ताजे फूल तोडायला नको म्हणून गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस. "हे कुसुमाच्या नियमात मोजायचे का?" असा प्रश्न त्यांना पडला. साध्वीजी म्हणाल्या, "औषध आहे, तरी मोजून घ्या. मोजाल तर लक्ष लागेल."

आषाढात सुरू झालेला तो अभ्यास पहिले कित्येक आठवडे कोरडाच गेला. बाबूजी डोळे मिटून डबी नाकाशी धरत आणि मान हलवत. मग लवंगेचा एक अस्पष्ट आभास आला. मग उलटेच झाले: ओळखीचे वास विद्रूप होऊन येऊ लागले, कढणाऱ्या तुपाला जळक्या रबराची घाण येते म्हणून ते स्वयंपाकघरातून निघून जात. परतीच्या वाटेवर असे होऊ शकते, असे डॉक्टरांनी समजावले. डब्यांचा नेम मात्र त्यांनी एकदाही चुकवला नाही. चाळीस वर्षे खतावणी लिहिलेल्या माणसाला नेम शिकवावा लागत नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सुवास आणि गरम खिचडी मनाला उभारी देतात, पण त्या प्रत्येक दुःखावरचे औषध नाहीत. दोन-तीन आठवडे उलटूनही झोप, भूक आणि उत्साह परतत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यात कमीपणा नाही. आपल्या समाजात व्यापारातील खोट उघड बोलली जाते, मनातील खोट झाकली जाते. बाबूजींच्या चिडचिडीला आम्ही महिनाभर 'स्वभाव' म्हणत राहिलो, ही आमची चूक होती. घरातील एखादे माणूस ताट अर्ध्यावर सोडून उठू लागले, तर त्याला स्वयंपाकावरचा राग समजू नये. त्याच्याजवळ जाऊन बसावे.

आश्विनातील ओळी सासूबाईंनी पूर्ण केली. पारण्याच्या सकाळी मी राब केली: तुपात गव्हाचे पीठ मंद भाजून, त्यात गुळाचे पाणी आणि सुंठ घालून. आदल्या दिवशी तूप मीच कढवले होते. बाबूजींनी वाटी तोंडाशी नेली, थांबले, पुन्हा नाकाशी नेली आणि म्हणाले, "सूनबाई, तूप जरा जास्त कढले आहे. बेरी लाल झाली असेल."

बेरी खरोखरच लाल झाली होती. माझ्या स्वयंपाकातील दोष दाखवणाऱ्या त्या वाक्याने मला जेवढा आनंद झाला, तेवढा कोणत्याही कौतुकाने झाला नसेल. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ तो तोंडातच ठेवला.

बाबूजींचे नाक अजून पूर्वीसारखे नाही. हळदीच्या दोन पोत्यांतील बारीक फरक त्यांना आता सांगता येत नाही. हळकुंड मोडून ते नातवाच्या हाती देतात आणि "काय वास येतो, सांग," असे विचारतात. त्याच्या उत्तरावरून स्वतःच्या आठवणीत काहीतरी जुळवून पाहतात. चौविहाराच्या आधी, सूर्य कलत असताना, आमच्याकडे आता सर्वजण एकत्र जेवतात. ताटात फार काही नसते. मुगाची खिचडी, कढी, भाजलेला पापड, त्या दिवशीचे लोणचे. मोबाईल बाहेरच्या खोलीत असतो. तूप वाढले जाते, वाफ वर येते, आणि वाटी पुढे करण्याआधी बाबूजी क्षणभर थांबतात. सूर्यास्तापूर्वी सर्वजण ताटावरून उठलेले असतात.